इतकं विचारल्यावर

आमच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा आहे आणि हौसेच्या फोटोंसाठी बर्फाच्या डोंगरांचा. माहितीपटांना पैसे देणाऱ्या त्या संस्थेशी माझी पहिली व्हिडिओ बैठक झाली तेव्हा निळा पडदा धुवायला टाकला होता, म्हणून मी बर्फाच्या डोंगरांपुढं बसले. पलीकडच्या बाई चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "वा, किती अस्सल आहे हे!" आता बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, पंखासुद्धा गरम हवा फेकत असताना बर्फाचे डोंगर कुठल्या हिशोबानं अस्सल, ते माझ्या डोक्यावरून गेलं. पण बाई खूश होत्या, म्हणून मीही हसले. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली असं म्हणायला हरकत नाही.

मी लग्नाचं शूटिंग करते. आमचा स्टुडिओ तलवाड्यात आहे. नवरा स्टेजवरचा कॅमेरा सांभाळतो आणि मी बायकांची बाजू. हळद, बांगड्या, रुसवेफुगवे, पाठवणीचं रडणं, हे सगळं माझ्या वाट्याचं. या धंद्यात फार संदिग्ध काही नसतं. पार्टी येते, तारीख सांगते, आपण होय म्हणतो किंवा ती तारीख गेली म्हणून सांगतो. ड्रोन पाहिजे का, गाणी कोणती टाकायची, मुलाच्या मामाला नीट घ्या नाहीतर तो वर्षभर बोलणार नाही, एवढीच चर्चा. तुझ्या लग्नाकडे बघण्याचा तुझा दृष्टिकोन काय, असं मी आजवर एकाही नवरीला विचारलेलं नाही.

माहितीपटाच्या भानगडीत मी पडले ती आत्यामुळं. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती राहते आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेनं. आमची मूळची मेंढपाळाची घरं. वडिलांनी मेंढरं सोडून तलवाड्यात शेती धरली, आत्यानं सोडली नाहीत. आत्याचे यजमान गेल्यावर सगळ्यांना वाटलं की आता ती मेंढरं विकेल. तिनं एक गडी लावला, मुलाला हाताशी धरलं आणि कळप चालू ठेवला.

दिवाळी झाली की तिचा कळप डोंगर उतरून गंगथडीला, म्हणजे गोदावरीच्या काठाला, आमच्या बाजूला यायचा. अजूनही येतो. मेंढरं ज्याच्या रानात मुक्कामाला बसतात त्याच्या रानाला लेंडीखत मिळतं आणि त्या बदल्यात तो धान्य देतो. लहानपणी कळप आमच्या शिवारात आला की मी आत्याच्या मागं मागं बांधावरून हिंडायचे. ज्या शेतकऱ्याला मेंढरं नको असायची तो लांबूनच हात हलवायचा. ज्याला पाहिजे असायची तो बांधावर उकिडवा बसून चौकशी सुरू करायचा. किती हायत, कुटनं आलात, कुत्रं चावतं का, आदीच्या मुक्कामाला कुनाच्या रानात होता, सोबत कोन कोन हाय. ती चौकशी संपतच नसायची. मला कंटाळा यायचा आणि मी बोरं वेचायला पळायचे. परत येऊन बघावं तर आत्या मेंढरं कोंडायच्या जाळीच्या मेखा ठोकत असायची आणि तो शेतकरी चहा सांगायला घराकडं गेलेला असायचा.

तर दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत मी एकदा आत्याकडं गेले होते. मेंढरांची लोकर कातरायचं काम चाललं होतं. कॅमेरा सोबत होताच, मी बसल्या बसल्या ते शूट केलं. त्यावर गाणं टाकलं नाही, की स्लो मोशन केलं नाही. नुसतं कातरीचा आवाज आणि आत्याच्या शिव्या. ते मी मोबाइलवरून इंटरनेटवर टाकून दिलं आणि विसरले. कुणा अनोळखी बाईनं त्याखाली लिहिलं, की स्वतंत्रपणे माहितीपट करणाऱ्यांसाठी एक फंड निघालाय, तुम्ही नक्की अर्ज करा. 'स्वतंत्रपणे माहितीपट करणारी' असं माझ्याबद्दल मी पहिल्यांदाच वाचलं. छाती भरून आली. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, "म्हंजी बिनपगारी."

फंडाचा प्रकार मला समजला तो असा. ज्यांची निवड होईल त्यांना संस्था आधी काही महिने शिकवणार. जाणती माणसं गोष्ट कशी रचायची, पैसे देणाऱ्यांपुढं ती कशी मांडायची, पुढं या क्षेत्रात पाय कसा रोवायचा, हे सांगणार. याला त्यांच्याकडं लॅब म्हणतात. मग त्यातल्या काहींनाच फिल्म करायला पैसे मिळणार. माझी गोष्ट साधी होती. आत्या दिवाळीनंतर डोंगरावरून निघते आणि गंगथडीला येते, तो सगळा प्रवास मी तिच्यासोबत चालत शूट करणार. अडचण एकच होती. तुळशीचं लग्न झालं की आमचीही लग्नसराई सुरू होते. मी मेंढरांमागं गेले तर हंगाम हातचा जाणार. फंड मिळाला तर मागं दुसरी शूटिंगवाली लावता येईल, असं नवऱ्याचं आणि माझं ठरलं.

अर्जात प्रश्नच प्रश्न. ते घेऊन मी कड्याला गेले. आत्या कोकरांना पाला टाकत होती. मी तिच्यापुढं बसून वाचायला सुरुवात केली. पहिलाच प्रश्न होता, तुमच्या मुख्य पात्राला काय हवं आहे आणि ते मिळण्यात अडथळा कोणता?

"मुख्य पात्र म्हंजी कोन?"

"तू."

"मला चहा पायजे," आत्या म्हणाली. "अन् अडथळा तूच हाय. ऊठ, चूल पेटव."

चहा झाल्यावर मात्र ती सरळ बसली आणि मी विचारेन ते सांगत गेली. मेंढरं किती, त्यातली किती म्हातारी झाली, कुठल्या रस्त्यानं उतरते, पाणी कुठं पाजते, कुत्री चावतात का, कोणत्या गावचे लोक चांगले, कोणत्या गावात थांबतच नाही. कशाची भीती वाटते असाही एक प्रश्न होता. मला वाटलं लांडगा म्हणेल. ती म्हणाली, "हायवेची. लांडगं एक उचलतं अन् जातं. ट्रकाचं तसं न्हाई." हा चित्रपट पाहून समाजात कोणता बदल व्हावा, हे विचारताना माझीच मला लाज वाटत होती. आत्यानं बराच विचार केला. "बांदावरनं जाताना लोकांनी आईवरनं शिव्या देऊ नयेत," ती म्हणाली. मी तसंच लिहिलं.

दिवस उतरेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मधे ती मला म्हणाली, "तुला सून करून घेतली आसती तर यवडं इचारायची पाळी आली नसती." तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, तिथंच दोरी वळत बसला होता. तो लाजून उठून गेला. त्याला आता दोन पोरं आहेत, तरी आत्याची ही मस्करी संपलेली नाही.

शेवटी सामानाचा प्रश्न आला. तुमच्याकडं कोणती साधनं आहेत, कोणती नाहीत. मी मोठ्यानं म्हणत लिहीत होते, कॅमेरा हाय, चांगला माईक न्हाई, जादा बॅटऱ्या न्हाईत. चहा झाल्यापासून आत्यानं मला एकच गोष्ट उलट विचारली.

"तुला घोंगडी हाय का?"

मला हसू आलं. "न्हाई," मी म्हणाले, आणि अर्ज बंद केला. एक प्रश्न तेवढा उरला होता. हा चित्रपट तुम्हीच का करायला हवा? त्याचं उत्तर मला काही केल्या सुचलं नाही. घरी आल्यावर नवऱ्यानं लिहिलं, कारण दुसरं कुणी करत नाहीये.

लॅबसाठी माझी निवड झाली. नवऱ्यानं सगळ्या ग्रुपवर टाकलं आणि दिवसभर हात जोडलेले, फुलं, टाळ्या येत राहिल्या. संध्याकाळी त्यानं विचारलं, "म्हंजी पैसे मिळाले?"

"न्हाई. ते पुढं ठरनार."

"म्हंजी साखरपुडा झाला, लगीन ठरलं न्हाई?"

"साखरपुडा झाल्यावर लगीन ठरलेलंच असतं की."

"मंग नुसता बगायचा कार्यक्रम झालाय का?"

आमच्या दोघांच्या ओळखीत जेवढे म्हणून कार्यक्रम होते, त्यांतल्या एकाशीही हे जुळत नव्हतं.

मग बैठका सुरू झाल्या. मला दोन मार्गदर्शक मिळाले, एक त्या चष्मेवाल्या बाई आणि एक मऊ आवाजाचे गृहस्थ. बाई म्हणाल्या, तू स्वतः फिल्ममध्ये यायला हवंस, तुझा आवाज हवा, ही तुझी गोष्ट आहे. मी दोन रात्री बसून माझा आवाज लिहून काढला. पुढच्या बैठकीला गृहस्थ म्हणाले, तू आधी बाजूला हो, आत्याला बोलू दे. त्याच्या पुढच्या बैठकीला ते म्हणाले, खरं तर आत्यानंही बोलायला नको, तिथली शांतता बोलू दे. मी कड्याला जाऊन शांतता आणायचा प्रयत्न केला. ज्यानं मेंढरं पाळलीत त्याला विचारा. मेंढरं गप बसत नाहीत.

एकदा बाईंनी विचारलं, "तुमच्याकडं ऊसतोड मोठ्या प्रमाणात आहे ना? बीड म्हटलं की तेच आठवतं. तो धागा आणता येईल का?"

"आत्या ऊस तोडत नाही," मी म्हणाले.

"पण वाटेत तिला ऊसतोड कामगार भेटतील?"

"भेटतील की."

"मग त्यांच्या नजरेतून ती कशी दिसते?"

मला राग लवकर येतो आणि तो चेहऱ्यावर लगेच दिसतो. म्हणून मी कॅमेरा बंद केला आणि रेंज गेली म्हणून सांगितलं. पुढच्या काही वर्षांत तू स्वतःला कुठे पाहतेस, असा एक प्रश्न करिअरच्या बैठकीत आला होता. मी खरंच विचार केला आणि सांगितलं, लग्नातच. कुणी हसलं नाही. कुणीतरी ते लिहून घेतलं.

पण खोटं कशाला बोलू, बाईंनी मला काही चांगलंही शिकवलं. माणसाचं बोलणं संपलं की लगेच कॅमेरा बंद करू नकोस, त्या म्हणाल्या, खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. मी ते लग्नातही करून बघितलं. पाठवणी झाल्यावर, गाडी गेल्यावर, मांडवात एकट्या बसलेल्या नवरीच्या आईवर मी कॅमेरा चालू ठेवला. तिनं पदरानं आधी खुर्ची पुसली, मग डोळे. इतकी वर्षं मी ते न घेताच कॅमेरा पिशवीत भरत होते. त्या दिवशी मला बाईंचे पाय धरावेसे वाटले. त्यामुळं त्या मला आवडतात की नाही, हेसुद्धा माझं नीट ठरेना.

पोळ्याच्या सुमाराला आतेभावाचा फोन आला. त्यानं मेंढरांना गिऱ्हाईक शोधलं होतं. बाजारातला एक व्यापारी सगळा कळप एकदम उचलायला तयार होता. आतेभावाला जुना पिकअप घेऊन भाडी मारायची होती.

"मला आता चालनं होत न्हाई," तो म्हणाला. "पोरांची शाळा हाय. अन् म्हातारीला एकटीला गड्याच्या भरवशावर मी लावनार न्हाई. पर तू संगं जानार आसशील तर ऱ्हाऊ दे औंदाच्या साली. आईचा जीव हाय त्यात. तुझं होय का न्हाई, ते सांग. व्यापारी दिवाळीपत्तुर थांबतो म्हनला."

"कळवते," मी म्हणाले.

आता सगळं माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. मी येते म्हणाले तर आत्याची मेंढरं राहणार, नाही म्हणाले तर जाणार. आणि माझा शब्द फंडवाल्यांच्या शब्दावर अडकलेला. हे मी बैठकीत सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. "आता तुझ्या गोष्टीला धार आली!" त्या म्हणाल्या. गृहस्थांनीही मान हलवली. आत्याचा कळप विकला जाणार या बातमीनं एवढा आनंद झालेली माणसं मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना वाईट वाटत नव्हतं असंही नाही. बाईंनी नंतर वेगळा फोन करून आत्याच्या तब्येतीची चौकशी केली. मला काहीच कळेनासं झालं होतं.

दसऱ्याच्या आधी शेवटची मांडणी झाली. पैसे देणाऱ्यांपुढं आपली गोष्ट सांगायची आणि मग ते प्रश्न विचारतात. मी मुद्दाम निळा पडदा लावला. पहिलं वाक्य बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "अगं, तो आधीचा पडदा कुठे गेला?" तिथंच माझी लय गेली. तरी मी बोलले. प्रश्न पुष्कळ आले. आत्या वाटेत आजारी पडली तर? कुत्री किती? प्रवासात तू झोपणार कुठे? सगळ्यांनी शेवटी छातीवर हात ठेवून सांगितलं की हे फार सुंदर आहे. बैठक संपल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, झालं बहुतेक. तो म्हणाला, बहुतेक म्हंजी काय?

त्यानंतर माझं भिजत घोंगडं पडलं. आतेभाऊ फोन करायचा, होय का न्हाई? मी म्हणायचे, कळवते. कधी आत्या फोन घ्यायची. ती काही विचारायची नाही, नुसतं म्हणायची, "कवा येती?" तिलाही मी तेच म्हणायचे, कळवते. लग्नाच्या पार्ट्या यायला लागल्या होत्या, त्यांनाही मी कळवते म्हणायला लागले. शेवटी नवरा भडकला. "लग्नाच्या तारखेला कुनी कळवते म्हनतं का? लोक दुसरीकडं जातेत!" त्याचं काही चुकत नव्हतं. मी धड ना इकडची, धड ना तिकडची, स्टुडिओत बसून मेल उघडून बघायचे आणि बंद करायचे.

धनत्रयोदशीच्या सकाळी मेल आला. मी वाचला, मग नवऱ्यानं वाचला, मग आम्ही एकत्र वाचला. तुमच्या कामानं आम्ही भारावलो आहोत. तुमच्या प्रकल्पाला आमच्या मनात खास जागा आहे. या टप्प्यावर आम्ही मोजक्याच चित्रपटांना पुढे नेऊ शकतो. तुमच्याशी असलेला संवाद असाच चालू राहावा अशी आमची इच्छा आहे. शेवटी हृदयाचं चित्र.

"मिळालं का?" नवऱ्यानं विचारलं.

"मोजक्यात आपन हाव का न्हाई, ते लिहिलंय का कुटं?"

त्यानं मोबाइल वरखाली केला. "बदाम टाकलाय," तो म्हणाला.

मी बाईंना फोन लावला. त्या खूप मायेनं बोलल्या. म्हणाल्या, अशी उत्तरं सगळ्यांना मिळत नाहीत, हे खरं तर चांगलं लक्षण आहे, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर.

"मग या वर्षी नाही का?"

"नाही असं मी म्हणणार नाही."

"मग होय?"

"होय असंही नाही ना गं," बाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी बर्फाच्या डोंगरांपुढच्या स्टुलावर जाऊन बसले आणि रडले. मला फंडाचं वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त वाईट याचं वाटत होतं, की कुणी तोंडावर 'नाही' म्हणालं असतं तर मी दसऱ्यालाच उठून कामाला लागले असते. नवरा दारात येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ज्या तारखा रिकाम्या हायत त्यान्ला मी होय म्हनू का?" मी म्हणाले, मी आत्याला समोर जाऊन सांगून येते, मग म्हण. फोनवर सांगायची माझी छाती नव्हती. व्यापारी माझ्या उत्तरासाठी थांबला होता आणि मी नाही म्हणाले की तो गाडी घेऊन येणार होता. ते फोनवरच्या एका वाक्यानं व्हावं असं मला वाटेना.

भाऊबीज झाल्यावर मी कड्याची गाडी धरली. सवयीनं कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला होती. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. आत्या, त्यांनी खूप कौतुक केलं. आत्या, पुढच्या साली बघू. माझं मलाच ऐकू आलं की मी तो मेलच पाठ करतेय, बदामासकट.

घरापुढं गेले तर घोडी बाहेर बांधलेली आणि तिच्या पाठीवर अर्धं बिऱ्हाड चढलेलं. पातेली, पिठाची पिशवी, जाळीचं गाठोडं. कोकरं हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत. आत्या दोरीच्या गाठी आवळत होती. आतेभाऊ ओट्यावर तोंड पाडून बसला होता.

"व्यापारी?" मी त्याला विचारलं.

"तिनं लावला वापस. दिवाळीच्या आदीच."

"पर मी तर अजून काईच कळवलं नव्हतं."

"मी तेच म्हनलं तिला. म्हनलं तिचं अजून ठरलं न्हाई. तर म्हनती, ठरलं कवाच. चौकशी झाली तवाच ठरलं."

मी आत्याजवळ गेले. "आत्या, ऐक जरा. ते न्हाई म्हनले."

"कोन?"

"फंडवाले. पैसे देनारे."

आत्यानं गाठ ओढली. "त्यान्ला मी वळखत बी न्हाई. त्यान्नी मला इचारलं का, मेंढरं किती हायत?"

"त्यांच्यासाठीच तर मी इचारलं."

"आसंल. पर इचारलं तू. कुटं पानी पाजते, कुत्रं चावतं का, कशाला भेते, समदं तूच बसून इचारलं. दिवस मावळस्तवर इचारलं. यवडं इचारल्यावर मानूस न्हाई म्हनतं व्हय? ज्याला नको आसतं त्यो लांबूनच हात हलवतो."

म्हणजे उन्हाळ्यात, कोकरांना पाला टाकता टाकता, तिच्या लेखी सगळं ठरून गेलं होतं. पोळा, दसरा, सगळी पावसाळी घालमेल, मी जीव टांगणीला लावून बसले होते आणि आत्या निवांत होती. माझं प्रत्येक 'कळवते' तिला तारखेबद्दलचं वाटत होतं. मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना. इतके महिने विचारून विचारून शेवटी बदाम पाठवणाऱ्यांवर, की न विचारता व्यापाऱ्याला परत लावणाऱ्या हिच्यावर, की ओट्यावरच्या त्या बिचाऱ्याचा पिकअप माझ्या पायी गेला म्हणून माझ्यावर.

"आत्या, मला जमनार न्हाई," मी म्हणाले. "लग्नाच्या तारखा हायत. माझ्याकडं कपडे बी न्हाईत. मी कायच घेऊन आले न्हाई."

"घोंगडी न्हाई म्हनली होती, ती घेतलीय," आत्या म्हणाली.

मी घोडीकडं बघितलं. तिची जुनी काळी घोंगडी वर बांधलेली होती आणि तिच्याखाली दुसरी, नवी, तिच्या कडेचा दोरा अजून कडक होता. त्या दिवशी मी तिच्या ज्या एका प्रश्नाला हसले होते, तो आठवला. उत्तर ऐकून तिनं मान हलवली होती आणि पुन्हा पाला टाकायला लागली होती.

गड्यानं हाळी दिली आणि मेंढरं वाटेला लागली. धूळ उठली. तेवढ्यात माझा फोन वाजला. नवरा होता.

"सांगितलंस का?"

"न्हाई. म्हंजी सांगितलं. पर..."

"पर काय? तारखांना होय म्हनू का नको?"

कळवते, असं माझ्या ओठांवर आलं होतं. समोर आत्या घोडीचा कासरा सोडत होती. तिच्या गुडघ्याला लचक होती, ती आता दिसली.

"नको," मी म्हणाले. "मी आत्यासंगं येते. चालत."

मला वाटलं, आता तो रागानं फोन ठेवेल. पण त्यानं विचारलं,

"बॅटऱ्या कुटं चार्ज करशील?"

"बगते. वाटंत गावं हायत."

"संगं कोन कोन हाय? गडी कसा हाय? पयला मुक्काम कुटं?" तो थांबायलाच तयार नव्हता. "कुत्री चावतेत का? हायवे कुटं वलांडनार? गरम कपडे हायत का तुझ्याकडं?"

मी एकेकाचं उत्तर देत होते. आत्या पुढं जाऊन थांबली होती, मागं वळून माझ्याकडं बघत होती.

"काय म्हनतो?" तिनं ओरडून विचारलं.

"काई न्हाई," मी म्हणाले. "चौकशी करतोय."

"मंग झालं तर," आत्या म्हणाली आणि मी जवळ गेल्यावर तिनं घोडीचा कासरा माझ्या हातात दिला.